रंगाच्या नळीपासून भिंतीवरच्या केळ्यापर्यंत

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या सदबीज लिलावगृहात एक केळं ६२ लाख डॉलरला गेलं. आपल्या हिशेबात पन्नास कोटी रुपयांच्या वर. साधं बाजारातलं केळं, राखाडी चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवलेलं. इटालियन कलाकार मॉरित्सिओ कातेलान यांची ही कृती, नाव 'कॉमेडियन'. घेणारे जस्टिन सन हे क्रिप्टोच्या धंद्यातले उद्योजक. काही दिवसांनी त्यांनी हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर ते केळं खाऊन टाकलं. बातमी आपल्याकडेही फिरली आणि प्रतिक्रिया ठरलेल्याच आल्या. काही म्हणाले, 'वेड लागलंय लोकांना.' बाकीचे म्हणाले, 'मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही बाबा.'

पहिल्या प्रतिक्रियेत निदान स्वतःचं मत तरी आहे. दुसरीची मला जास्त काळजी वाटते. चित्रात कुठेतरी अर्थ दडवून ठेवलाय, तो ठरावीक लोकांनाच सापडतो आणि आपण त्यांच्यातले नाही, अशी समजूत तिच्यामागे असते. मग प्रदर्शनाला गेलेला माणूस चित्र सोडून शेजारची पाटी वाचत बसतो आणि पाटीवरची भाषा वाचून आणखी खचतो.

वेगळी सुरुवात करून बघू. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवायचा आणि 'हे केलं कसं?' असं विचारायचं. रंग कुठून आला, कशानं लावला, ओल्यावर ओला लावला की आधीचा वाळू दिला, कॅनव्हास उभा होता की जमिनीवर पसरलेला? गेल्या दीडशे वर्षांतल्या पाश्चात्त्य चित्रकलेतले पुष्कळसे 'वाद', म्हणजे दृक्प्रत्ययवाद, घनवाद वगैरे चळवळी, या प्रश्नानं सुटे होतात. सगळे होत नाहीत. काहींच्या बाबतीत हा प्रश्नच अडखळतो, आणि तो का अडखळला हे पाहणंही उपयोगाचं असतं.

## आधी चित्र कसं व्हायचं

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं पॅरिस घ्या. चित्रकाराचं नाव व्हायचं ते 'सालों' या सरकारी प्रदर्शनात, आणि तिथं काय लागणार हे परीक्षकांचं मंडळ ठरवायचं. मंडळाला हवं असायचं ते पुरं झालेलं, गुळगुळीत चित्र. आधी रेखाटन, मग तपकिरी छटांत उजेड-अंधाराची मांडणी, ती वाळली की पातळ पारदर्शक तैलरंगांचे थर एकावर एक. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. शेवटी पृष्ठभाग असा व्हायला हवा की ब्रशची खूण कुठे दिसू नये. एका चित्राला महिने लागत.

रंग मिळायचा डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत. जवसाच्या तेलात खललेला रंग त्यात भरून वर दोरा बांधलेला असे. टोचणीनं भोक पाडायचं, हवा तेवढा रंग पिळायचा आणि भोक कसंबसं बंद करायचं. रंग वाळून जाई, पिशवी फुटे. बाहेर जाऊन तैलरंगात लहानसहान अभ्यास करणारे चित्रकार होते, पण मोठं चित्र पुरं व्हायचं ते स्टुडिओतच.

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. कॅमेरा आला म्हणून चित्रकारांनी हुबेहूब काढणं सोडलं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. छोटी व्यक्तिचित्रं रंगवून पोट भरणाऱ्यांवर गदा आली हे खरं, पण पुष्कळ चित्रकार तर छायाचित्रांचा सरळ उपयोग करू लागले. सुरुवातीच्या कॅमेऱ्याला रंग पकडता येत नव्हता, आणि हलत्या गोष्टी त्याच्यासमोर धूसर होत. रंग आणि सरकता उजेड या दोन गोष्टी चित्रकारांकडेच राहिल्या, आणि पुढच्या पिढीनं नेमक्या त्याच उचलल्या.

## कथलाची एक नळी

१८४१ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाच्या, दाबता येणाऱ्या नळीचं पेटंट घेतलं. टोपण लावा, खिशात टाका, चार महिन्यांनी उघडा, रंग ओलाच. आपण रोज जिच्यातून टूथपेस्ट काढतो तिची ही आजी. याच सुमारास कोबाल्ट निळा, क्रोम पिवळा, कॅडमियम पिवळा असे रसायनशाळेतले झगझगीत रंग बाजारात आले. ब्रशच्या केसांना धातूची पट्टी बसवता येऊ लागल्यामुळे चपटे ब्रश निघाले आणि रुंद, तुटक फटकारा मारणं सोपं झालं. पॅरिसहून आर्जेन्तोय या नदीकाठच्या गावाला आगगाडी जाऊ लागली होती. नळ्यांमधले रंग नसते तर आमच्यातलं कुणीच झालं नसतं, अशा अर्थाचं बोलणं रन्वार या चित्रकाराच्या तोंडचं म्हणून त्याच्या मुलानं नोंदवून ठेवलंय.

आता क्लोद मोने नदीकाठी उभा आहे असं समजा. उन्हाचा रंग तासाभरात पालटणार. थर वाळायची वाट बघायला सवड कुठली? ओल्या रंगावर ओला रंग, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी, झटपट. फटकारे मिटवायलाही वेळ नाही, आणि मिटवले तर पाण्यावरची चमकच जाईल. सावल्या तपकिरी नाहीत. जांभळ्या, निळ्या आहेत. त्यात लहर काही नव्हती. भर उन्हात सावलीच्या जागी सूर्याचा थेट उजेड पोचत नाही, पण निळ्या आकाशाचा पोचतो. मोनेनं दिसलं तसं रंगवलं. तपकिरी सावली ही स्टुडिओची सवय होती.

एप्रिल १८७४ मध्ये या मंडळींनी सालोंचा नाद सोडून नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोने, रन्वार, देगा, पिसारो, सेझान आणि बेर्त मोरिझो ही चित्रकर्ती. मोनेच्या एका चित्राचं नाव होतं 'इम्प्रेशन, सूर्योदय': ल हाव्र बंदरातलं धुकं, त्यात नारिंगी सूर्य. लुई लरुआ या टीकाकारानं खिल्ली उडवली की भिंतीला लावायचा अर्धाकच्चा कागदसुद्धा याहून पुरा झालेला असतो. चित्राच्या नावावरूनच त्यानं सगळ्यांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मराठी पुस्तकांतला दृक्प्रत्ययवाद तो हाच.

ही चित्रं अर्धवट आहेत का? सालोंच्या मापानं आहेतच. पण मोनेचं माप निराळं होतं. १८९० च्या सुमारास त्यानं गवताच्या गंजींची पंचवीसएक चित्रं काढली. अनेक कॅनव्हास शेजारी ठेवून तो काम करी, आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. गंजी काही पळून जात नव्हत्या. पळत होता तो उजेड, आणि त्याचं चित्र एवढ्याच वेळात होण्याजोगं होतं.

## रंग पॅलेटवर मिसळायचा की डोळ्यात?

पॅरिसच्या गोब्लँ गालिचा-कारखान्यात मिशेल शव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका वाटतो अशा तक्रारी त्याच्याकडे आल्या. त्यानं तपासलं तर धाग्याचा काळा पक्का होता. शेजारी विणलेल्या रंगामुळे तो मवाळ दिसत होता. शेजारचा रंग बदलला की रंगच बदलतो, या शोधावर त्यानं १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. लालाशेजारी हिरवा ठेवला की दोघंही भडकतात, निळ्याशेजारी नारिंगी ठेवला तरी तेच.

हे आपल्याला नवं वाटायला नको. धूपछाँव पैठणी पाहा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलला की जो तिसराच रंग चमकतो तो कुठल्याही धाग्याला दिलेला नसतो. जॉर्ज स्यूरानं हेच ब्रशनं करायचं ठरवलं. पॅलेटवर रंग एकत्र घोटायचे नाहीत. शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळायचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. याला बिंदुवाद म्हणतात. सीन नदीतल्या ग्रांद जात बेटावरच्या रविवारचं त्याचं चित्र दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद आहे आणि त्याला १८८४ ते १८८६ अशी दोन वर्षं लागली. ते आता शिकागोत आहे.

सिद्धान्त पुरता सिद्ध झाला का? माझ्या मते नाही. ठिपके डोळ्यात सगळेच मिसळत नाहीत. पुष्कळ ठिकाणी रंग झळाळण्याऐवजी धुरकट होतो. पण त्या धुरकटपणामुळेच चित्रातली छत्रीवाली बाई आणि तिचं माकड कायमचे थिजल्यासारखे दिसतात, आणि चित्राची गंमत मला तरी त्यात वाटते. आणखी एक अडचण झाली. स्यूरानं वापरलेला झिंक यलो हा नवा रंग काही वर्षांतच तपकिरी पडायला लागला, त्यामुळे गवतावरचं ऊन आज कोमेजलेलं आहे.

नव्या रंगांची ही किंमत पुढे सगळ्यांनीच मोजली. व्हॅन गॉग १८८६ मध्ये पॅरिसला आला, त्यानं हे ठिपके पाहिले, आणि १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला गेल्यावर त्यातला रंग ठेवून धीर तेवढा टाकून दिला. ठिपक्यांच्या जागी जाड, वळणदार फटकारे आले. रंगाचा थर इतका जाड की त्याची स्वतःची सावली पडावी. या जाड लेपाला 'इम्पास्टो' म्हणतात. छापील प्रतीत तो दिसतच नाही, म्हणून व्हॅन गॉग पुस्तकात पाहिला असला तरी निम्मा राहिलेला असतो. त्याच्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या आहेत. त्यानं त्या जांभळ्या रंगवल्या होत्या. जांभळ्यातला लाल विरून गेला.

## 'पण बाटली अशी कुठे दिसते?'

घनवाद, म्हणजे क्युबिझम, पाहणाऱ्याचा हा पहिला आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. उत्तर सेझानपासून सुरू होतं.

एका बिंदूला मिळणाऱ्या रेषांचं यथादर्शन आपण शाळेत शिकलो. त्यात एक गोष्ट गृहीत असते: पाहणारा एक डोळा मिटून, मान न हलवता उभा आहे. असं कोण बघतं? सेझानच्या फळांच्या चित्रांत टेबलाची डावी कड आणि उजवी कड एका रेषेत येत नाही. मध्ये कापड असतं आणि पलीकडे टेबल वरखाली झालेलं. हात कच्चा होता म्हणून असं झालं नाही. तो तासन् तास बसायचा, मान हलायची, आणि प्रत्येक वेळचं दिसणं त्यानं तसंच ठेवलं. १९०६ मध्ये तो गेला, पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि तरुण चित्रकारांची त्याच्यासमोर रीघ लागली.

त्यांत पिकासो आणि ब्राक होते. पिकासोनं १९०७ मध्ये पाच स्त्रियांचं जे चित्र काढलं त्यातले दोन चेहरे मुखवट्यांसारखे आहेत. आफ्रिकेतले मुखवटे त्यानं पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात पाहिले होते. ते तिथं वसाहतींतून आले होते, आणि ते कोरणाऱ्यांची नावं टिपून ठेवायची कुणाला गरज वाटली नव्हती. आधुनिक कलेच्या इतिहासातली ही उधारी अजून फिटलेली नाही.

१९०८ मध्ये ब्राकच्या घरांच्या चित्रांवर लिहिताना लुई व्होसेल या समीक्षकानं 'घनाकृती' म्हणून नाक मुरडलं, तिथून घनवाद. याच गृहस्थानं १९०५ मध्ये मातीस वगैरेंच्या भडक, निसर्गाशी फारकत घेतलेल्या रंगांना 'जंगली श्वापदं' म्हटलं होतं. त्यावरून फोविझम हे नाव आलं. टिंगल करता करता दोन चळवळींचं बारसं करणारा असा टीकाकार विरळा.

मला मात्र घनवादातलं १९१२ हे वर्ष सगळ्यांत मोलाचं वाटतं. ब्राकच्या घरी घररंगाऱ्याचा धंदा. साध्या फळीवर रंग देऊन त्यात फणी फिरवली की सागवानी रेघा उमटतात, ही कारागिरी तो लहानपणीच शिकला होता. त्या वर्षी आव्हिन्योंच्या एका दुकानात त्याला लाकडाच्या रेघा छापलेला, भिंतीला लावायचा कागद दिसला. त्यानं तो आणला, कापला आणि चित्रावर चिकटवला. त्याच वर्षी पिकासोनं वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड एका लंबगोल चित्रावर चिकटवलं आणि चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला.

थोडं थांबून बघा काय झालंय ते. चिकटवलेला कागद खरा आहे, पण त्यावरचं लाकूड खोटं आणि कारखान्यात छापलेलं. शेजारी रंगवलेला पेला खोटा आहे, पण तो चित्रकाराच्या हातचा. मग चित्रात खरं कोण? चारशे वर्षं चित्र ही खिडकी होती, पलीकडचं जग दाखवणारी. आता चित्र ही एक वस्तू झाली, जिच्यावर दुसऱ्या वस्तू चिकटवता येतात. हे तंत्र म्हणजे कोलाज. पुढे बर्लिनमध्ये हाना ह्योख हिनं मासिकांतली छायाचित्रं कापून पुढाऱ्यांची मुंडकी भलत्या धडांवर बसवली. आज आपण फोनवर मीम पाठवतो तीही कात्री-डिंकाचीच संतती आहे.

## वस्तूच नको म्हटलं तर

यानंतरची उडी फार लांबची नव्हती. चित्र ही स्वतःच वस्तू असेल तर त्यात पेला तरी कशाला हवा? स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट, म्युनिकमध्ये कांडिन्स्की, पुढे मोंद्रियान, सगळे आपापल्या वाटेनं अमूर्ताकडे आले. या तिघांनाही अध्यात्माची ओढ होती, हे विसरलं जातं. १९१५ मध्ये पेट्रोग्राडमधल्या प्रदर्शनात मालेविच या चित्रकारानं पांढऱ्यावर काळा चौकोन टांगला, तोही खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं रशियन घरांत देवाची तसबीर असते. काळ्या थराला आता भेगा पडल्या आहेत. क्ष-किरणांनी तपासल्यावर त्याच्याखाली आधीची रंगीत चित्रं सापडली. 'नुसता काळा रंग फासलाय' हे वाक्य त्या चौकोनाच्या बाबतीत शब्दशः चूक आहे.

## जिथं हाताचं काम संपतं

आपला प्रश्न अडखळतो तो १९१७ मध्ये. न्यू यॉर्कच्या एका कलाकार-संघानं जाहीर केलं होतं की परीक्षक नाहीत. सहा डॉलर भरा आणि चित्र लावा. मार्सेल द्युशाँ स्वतः त्या संघाच्या संचालकांपैकी एक होता. त्यानं चिनी मातीचं एक मुतारीचं भांडं विकत आणलं, पाठीवर आडवं ठेवलं, त्यावर 'आर. मट १९१७' अशी खोटी सही केली आणि 'कारंजं' या नावानं प्रदर्शनाला पाठवलं. संघानं ते लावायचं नाकारलं, द्युशाँनं राजीनामा दिला. मूळ भांडं हरवलं. उरलं ते आल्फ्रेड स्टिग्लिट्झनं काढलेलं छायाचित्र. संग्रहालयांत आज दिसतात त्या बहुतेक प्रती १९६४ मधल्या.

'हे केलं कसं?' याचं उत्तर इथं 'निवडलं' एवढंच आहे. त्यामागचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. युरोपात महायुद्ध चाललं होतं. सुसंस्कृत म्हणवणारे देश खंदकांत पोरं मारत होते. १९१६ मध्ये झ्युरिकमध्ये जमलेल्या डाडा या बंडखोर चळवळीच्या मंडळींना त्या संस्कृतीच्या सुंदर वस्तूंमध्ये भर घालायची इच्छाच उरली नव्हती. अतिवास्तववाद त्यातूनच निघाला. स्वप्नं, नेणीव, आणि चित्रकाराच्या इच्छेवाचून उमटणारे आकार. माक्स एर्न्स्ट १९२५ मध्ये लाकडी जमिनीवर कागद ठेवून पेन्सिल घासायचा आणि उमटलेल्या रेघांत जंगलं शोधायचा.

## कॅनव्हास जमिनीवर आला

दुसऱ्या महायुद्धात युरोपातले कितीतरी कलाकार अमेरिकेत गेले आणि कलेचं केंद्र न्यू यॉर्कला सरकलं. १९४७ मध्ये लाँग आयलंडवरच्या आपल्या खळ्यात जॅक्सन पोलॉकनं कॅनव्हास जमिनीवर पसरला आणि चारी बाजूंनी फिरत काठीनं, वाळून कडक झालेल्या ब्रशनं त्यावर रंग ओतला, शिंपडला. रंग घराला लावायचा, पातळ, चकचकीत. नळीतला घट्ट तैलरंग असा ओघळत नाही. म्हणजे इथंही पद्धत रंगाच्या डब्यातूनच निघाली. असे ठिबके पोलॉकच्या आधी जॅनेट सोबेल हिनं काढले होते. युक्रेनमध्ये जन्मलेली ही ब्रुकलिनची गृहिणी, आणि तिची चित्रं पोलॉकनं पाहिली होती. तिचं नाव पुस्तकांत उशिरा आलं.

१९५२ मध्ये तेवीस वर्षांच्या हेलन फ्रँकेन्थेलरनं आणखी पुढची गोष्ट केली. कॅनव्हासला अस्तर न लावता तिनं टर्पेंटाइननं पातळ केलेला तैलरंग त्यावर ओतला. रंग वर बसला नाही, कापडात मुरला. पोलॉकच्या चित्रात रंग कॅनव्हासवर आहे. तिच्या चित्रात रंग आणि कॅनव्हास वेगळे करता येत नाहीत. धोका एवढाच, की तेल कापडाला हळूहळू खातं. पुढे ती अ‍ॅक्रिलिककडे वळली, ज्याला तेल लागत नाही.

मार्क रॉथ्को या अमेरिकन चित्रकाराचे मोठे, कडा विरघळलेले आयतही पातळ थरांचेच. हार्वर्ड विद्यापीठासाठी १९६० च्या दशकात रंगवलेल्या त्याच्या भित्तिचित्रांत लिथॉल रेड हा उन्हाला न टिकणारा लाल होता. खोलीला मोठाल्या खिडक्या. काही वर्षांत लाल उडाला. २०१४ मध्ये चित्रांना हात न लावता, प्रोजेक्टरनं नेमका हवा तेवढा रंगीत उजेड टाकून मूळ रंग दाखवला गेला. संध्याकाळी प्रोजेक्टर बंद केला की चित्रं पुन्हा फिकट.

हे सगळं अमेरिकेच्या गुप्तचर खात्यानं उभं केलं, असंही वाचायला मिळतं. त्यात तथ्य आहे ते एवढं: सीआयए गुपचूप पैसा पुरवत होती अशी एक सांस्कृतिक संघटना होती, ते साठच्या दशकात उघड झालं, आणि शीतयुद्धात अमूर्त चित्रांना 'स्वातंत्र्याचा पुरावा' म्हणून मिरवलं गेलं. मिरवणूक दुसऱ्यानं काढली म्हणून मूर्ती त्यानं घडवली असं होत नाही.

## 'हे तर माझा मुलगाही काढेल'

काढेलही. पण तुम्ही ते ओळखाल का? २०११ मध्ये बॉस्टनच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांची, माकडांची, हत्तींची चित्रं जोड्या लावून लोकांना दाखवली. काही वेळा खालची नावं मुद्दाम अदलाबदल केलेली. नुसत्या अंदाजानं जितक्या वेळा चित्रकाराचं चित्र निवडलं गेलं असतं, त्याहून जास्त वेळा लोकांनी तेच निवडलं. दरवेळी नाही, पण जास्त वेळा.

मुलाच्या आणि पोलॉकच्या चित्रात फरक असतो तो थांबण्यात आणि पुन्हा येण्यात. पोलॉकच्या चित्रात काळा वाळल्यावर पांढरा आलाय, त्यावर पुन्हा काळा, आणि शेवटचा थर कुठे द्यायचा नाही हेही ठरलेलं आहे. जवळ जाऊन कुठला रंग कुणाच्या वर आहे ते मोजत बसा. हे मोजताना मला पोलॉक आवडायला लागला, त्याआधी नव्हता. अँडी वॉरहॉल हा अमेरिकन कलाकार मात्र मला अजूनही गार ठेवतो, आणि ते बहुधा त्याला हवंच होतं. १९६२ पासून त्यानं मॅरिलिन मन्रोचे चेहरे छापले ते स्क्रीन प्रिंटिंगनं, आपल्याकडे लग्नपत्रिका आणि टी-शर्ट ज्यानं छापतात त्याच तंत्रानं. लिपस्टिकचा रंग ओठांबाहेर सरकलेला त्यानं तसाच ठेवला.

## मग केळ्याचे पैसे कशाचे?

कागदाचे. सॉल लेविट १९६८ पासून भिंतीवरची चित्रं सूचनांच्या रूपात विकत असे: अमुक रेषा, अमुक दिशा, काढणारा कुणीही. घेणाऱ्याला मिळायचं ते प्रमाणपत्र आणि सूचना. या प्रकाराला संकल्पनात्मक कला म्हणतात. केळ्याचंही तेच. कसं लावायचं याच्या सूचना आणि मालकीचं प्रमाणपत्र हा खरा माल, केळं सडलं की दुसरं आणायचं. म्हणून २०१९ मध्ये मायामीत एका कलाकारानं ते खाल्लं तेव्हा काहीच नष्ट झालं नाही. तेव्हा त्याची किंमत १ लाख २० हजार डॉलर होती.

तंत्राच्या दृष्टीनं कातेलान द्युशाँचाच विनोद शंभर वर्षांनी पुन्हा सांगतोय, आणि दुसऱ्यांदा सांगितलेल्या विनोदाला मी पहिल्याइतकं हसू शकत नाही. तरी त्याला फसवणूक म्हणता येणार नाही; काय विकलं जातंय ते घेणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं. लिलावातल्या आकड्यावरून कृतीची प्रत ठरत नाही. शेवटच्या दोन बोली लावणाऱ्यांकडे किती पैसा होता आणि त्यांना काय मिरवायचं होतं, एवढंच त्यावरून कळतं.

## 'आपले लोक नक्कलच करत होते ना?'

हा शेवटचा आक्षेप घरचा आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवली जायची ती ब्रिटिश वळणाची अकादमिक पद्धत. तीसच्या दशकात हिटलरपासून पळून आलेले काही युरोपीय मुंबईत स्थिरावले: चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. नव्या युरोपीय कलेचा परिचय त्यांच्या घरांतून झाला. १९४७ मध्ये गोव्याच्या सालिगावचा सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे त्यांत थोडे नंतर आले. २०२५ मध्ये गायतोंडेंचं १९७० चं एक चित्र लिलावात ६७ कोटींना गेलं, तेव्हा 'हे तर आपले रॉथ्को' असं पुन्हा एकदा ऐकू आलं.

साम्य आहे. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यू यॉर्कला गेले होते. पण त्याआधीच, पन्नासच्या दशकाच्या शेवटी, ते वस्तुरूपापासून दूर झाले होते. चित्रकार पॉल क्ले आणि झेन विचार त्यांना जवळचे होते. आणि चित्र कसं केलंय ते विचारलं की साम्य आणखी विरळ होतं. रॉथ्को ब्रशनं पातळ रंगाचे थर चढवत जातो, रंग आतून उजळल्यासारखा वाटेपर्यंत. गायतोंडेंच्या हातात रोलर आणि पॅलेट नाइफ आहे. ते रंग लावतात आणि खरवडून काढतात, कागदाचे तुकडे दाबून त्यांच्या खुणा उमटवतात, त्यावर पुन्हा रोलर फिरवतात. रॉथ्कोच्या चित्रात आयत कुठे सुरू होतो ते सांगता येतं. गायतोंडेंच्या चित्रात कुठला थर आधीचा आणि कुठला नंतरचा हेच चटकन सांगता येत नाही, कारण वरचा थर काढून खालचा पुन्हा वर आणलेला असतो. चित्राच्या अगदी समोर उभं राहून हे दिसत नाही. बाजूला सरकून, पृष्ठभागावर तिरका उजेड पडेल अशा जागेवरून पाहिलं की रोलर कुठे थांबला आणि सुरी कुठून लागली ते दिसायला लागतं.